तिसऱ्या मालकाचं बिल

चि. भाच्यास,


परवा फोनवर तू एकच गोष्ट विचारलीस, "मामा, ॲव्हरेज किती देईल?" २०१५ सालची मर्सिडीज एस-क्लास, तीन लिटरचं डिझेल इंजिन, दिल्ली पासिंग, दोन मालक झालेले आणि एजंट पंचवीस लाख म्हणतोय. नवी होती तेव्हा याच गाडीला कोटीच्या वर मोजावे लागत. आज ती एका बऱ्यापैकी नव्या एसयूव्हीच्या भावात दारात येते म्हटल्यावर तुझा जीव तिच्यात अडकला, यात नवल नाही. मलाही या गाड्या मनापासून आवडतात. माझी सगळी नोकरी कंपनीच्या वाहन विभागात गेली. साहेब लोकांच्या गाड्यांची लॉगबुकं आणि वर्कशॉपची बिलं माझ्याच टेबलावरून पुढे जात. म्हणून हा विषय फोनवर उरकावासा वाटत नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ऑफिसच्या वेळेला वाकड-हिंजवडी केलंस तर लिटरला सात-आठ किलोमीटर धर. एक्स्प्रेस वेवर ऐंशी-नव्वदच्या वेगाने शांतपणे गेलास तर तीच गाडी चौदाच्या आसपास देईल. गाडी एक, चालवणारा एक, आणि आकडा जवळजवळ दुप्पट. लोक म्हणतात इंजिन मोठं म्हणून डिझेल पितं. ते अर्धंच खरं आहे. सिग्नलला एसी चालू ठेवून उभी असलेली मोठी गाडी तासाला लिटरभर डिझेल जाळते आणि किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. शिवाय दोन टनांचं वजन प्रत्येक सिग्नलपासून नव्याने ढकलायचं, आणि मिळवलेला वेग पुढच्या सिग्नलला ब्रेकच्या डिस्क तापवून घालवायचा. शहरातल्या ॲव्हरेजचा मारेकरी हा आहे.

वजनाचा हिशेब घाटात स्वच्छ दिसतो. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर उंच चढते. दोन टनांची गाडी तेवढी वर न्यायला, इंजिनात वाया जाणारी उष्णता धरून, जवळपास पाऊण लिटर डिझेल जादा लागतं. टनभराच्या छोट्या गाडीला त्याच्या निम्मं. हे कुठल्याही कंपनीला टाळता येत नाही, कितीही चांगलं इंजिन बनवलं तरी. वेगाचं मात्र उलट आहे, ते तुझ्या पायात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीवरून एकशेवीसला गेलास की वेग दीडपट होतो, पण विरोध सव्वादोनपट होतो. या पिढीच्या एस-क्लासचा आकार वाऱ्याला फार कमी अडवतो, तिच्या हवेच्या विरोधाचा गुणांक ०.२४ आहे. एवढ्या मोठ्या गाडीला हा आकडा मिळवणं ही खरी कारागिरी आहे. तरीही एकशेवीसला तिचं चौदाचं ॲव्हरेज टिकणार नाही. एक्स्प्रेस वेवर शंभराची मर्यादा आहे, ती पाळलीस तरी बरंच डिझेल वाचेल.

आता डिझेल बाजूला ठेव. मला तुला खरं सांगायचंय ते या गाड्यांच्या गुंतागुंतीच्या खर्चाबद्दल आहे.

या मोठ्या गाड्या इतक्या गुंतागुंतीच्या का झाल्या, त्याला इतिहास आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत कच्चं तेल चौपट महागलं. पश्चिम जर्मनीत त्या नोव्हेंबर-डिसेंबरात चार रविवार खासगी गाड्या रस्त्यावर आणायला सरकारने बंदी घातली. ज्या देशात मोटार हा अभिमानाचा विषय, तिथे ऑटोबान ओस पडले आणि लोक त्यावरून पायी फिरले. अमेरिकेने १९७५ साली कायदा करून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांना सरासरी ॲव्हरेजचं बंधन घातलं, पुढे जास्त पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांवर वेगळा करही बसवला. अमेरिकेची बाजारपेठ सोडणं मोठ्या गाड्या बनवणाऱ्यांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे १९७९ ची एस-क्लास वाऱ्यासमोर गुळगुळीत होऊन आली, वजनालाही हलकी. १९९१ ची पुन्हा जाडजूड झाली, दुहेरी काचा, अवजड दरवाजे. तिच्या आकारावर खुद्द जर्मनीत टीका झाली. १९९८ ची परत सडपातळ झाली आणि तिच्यात हवेचं सस्पेन्शन आलं. तिथून पुढे प्रत्येक पिढीत इंधन वाचवणारं काहीतरी नवीन बसवलं गेलं.

तुझ्या मनात भरलेल्या गाडीत ते सगळं आहे. ठरावीक वेगाच्या पुढे हवेचं सस्पेन्शन गाडी थोडी खाली बसवतं, म्हणजे वारा कमी अडतो. टर्बो आहे, प्रचंड दाबाने डिझेल फवारणारे इंजेक्टर आहेत, सात गिअरची ऑटोमॅटिक पेटी आहे, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन चालू होतं आणि ते सोसणारी खास बॅटरी आहे. प्रत्येक गोष्ट लिटरमागे थोडं थोडं मिळवून देते, पण ती मिळकत पहिल्या मालकाची. त्याने गाडी नवी घेतली, वॉरंटीत चालवली, कंपनीच्या खर्चात घसारा दाखवला आणि चार-पाच वर्षांनी विकली. रबर वाळतं, सील कडक होतात, सेन्सर दगा देतात, ते सातव्या-आठव्या वर्षापासून. तोपर्यंत गाडी दुसऱ्याकडे असते आणि तो खर्च अंगावर येण्याआधीच ती तिसऱ्याला विकतो. तो तिसरा तू होणार आहेस. डिझेल वाचवणाऱ्या यंत्रांचं बिल बहुतेक वेळा तिसऱ्या मालकाच्या नावावर फाटतं. दहा वर्षांत गाडीची किंमत कोटीवरून पंचवीस लाखांवर आली म्हणून एअर सस्पेन्शनच्या खांबाची किंमत चौथाईवर येत नाही. तो कोटीच्या गाडीचाच भाग आहे आणि त्याच भावात मिळतो.

हे सस्पेन्शन कसं तपासायचं ते लिहितो, कारण एजंट ते तुला दाखवणार नाही. रात्री गाडी सपाट जागी लाव. चाकाच्या वरची कमान आणि टायर यांच्या फटीत बोटं घालून बघ, चारी चाकांना किती बोटं बसतात. सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी पुन्हा बघ. एखाद्या कोपऱ्यात बोटं कमी बसली तर तिथल्या सस्पेन्शनच्या हवेच्या फुग्याच्या रबराला बारीक चीर आहे आणि रात्रभर हवा गळते आहे. इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर घरघर करत गाडी परत उचलतो, त्यामुळे दुपारी बघायला गेलेल्या गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. पण रोज ज्यादा राबून तो कॉम्प्रेसरही थोड्या दिवसांत जातो आणि एका फुग्याचं काम तिप्पट होतं. आपल्याकडच्या खड्ड्यांत हे जर्मनीपेक्षा लवकर होतं.

दुसरी जागा इंजिनाची. या व्ही-सहा डिझेल इंजिनाचा ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत, टर्बो आणि इनटेकच्या खाली दडलेला आहे. त्याचे सील वयोमानाने कडक होऊन गळतात, हे या इंजिनावर काम करणाऱ्या प्रत्येक फिटरला ठाऊक आहे. सीलची किंमत किरकोळ. पण तिथे हात पोचवायला वरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणजे बिलात सामान थोडं आणि मजुरी मोठी. इंजिन वरून धुऊन पुसून चकचकीत केलेलं असेल तर मी जास्त सावध होतो. ते खालून बघायचं, गिअरबॉक्स जिथे इंजिनाला जोडलाय तिथे ओलसर काळपट ओघळ आहे का ते. ब्रेकच्या डिस्कच्या कडेवरून नख फिरव. ठळक कंगोरा लागला तर डिस्क झिजली आहे. किती जाडीपर्यंत चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं. या गाड्यांत पॅडबरोबर डिस्कही झिजते, नुसते पॅड बदलून भागत नाही.

आता पैशात बोलू. तू वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरशील, शहर आणि हायवे मिळून लिटरला दहा धर, डिझेल नव्वद रुपये धर. वर्षाचं डिझेल नव्वद हजार, किलोमीटरला नऊ रुपये. पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुझ्या गाडीला थोडे कमीजास्त होतील. विमा साठ हजार. वर्षाची सर्व्हिस सत्तर हजार, कारण या इंजिनात एका वेळी आठ लिटरच्या आसपास ऑइल लागतं, छोट्या गाडीत साडेतीनमध्ये भागतं, आणि फिल्टरपासून सगळंच त्या मानाने. टायरसाठी दरवर्षी चाळीस हजार बाजूला काढ. नावाजलेल्या कंपनीचा या मापाचा रनफ्लॅट टायर पंचवीस-तीस हजारांच्या खाली मिळणं कठीण. दुरुस्तीला सरासरी दीड लाख. एखाद्या वर्षी काहीच निघणार नाही, एखाद्या वर्षी चार लाख निघतील. आणि गाडीची किंमत वर्षाला तीन लाखांनी उतरेल. बेरीज सात लाख दहा हजार. किलोमीटरला एकाहत्तर रुपये.

त्यात डिझेल आठव्या हिश्शाचं. समजा तू अगदी जपून चालवलीस आणि ॲव्हरेज दहावरून बारावर नेलंस. वर्षाला पंधरा हजार वाचतील. एक टायर येणार नाही तेवढ्यात. म्हणून म्हणतो, या गाडीच्या बाबतीत ॲव्हरेज हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे. ज्याला डिझेलच्या नव्वद हजारांची धास्ती वाटते, त्याने ही गाडी घेऊच नये. बाकीचे सहा लाख वीस हजार त्याने मोजलेलेच नाहीत.

आपल्याकडे पेट्रोल पंपावरचा खर्च डोळ्यांना दिसतो, कारण तो दर आठवड्याला खिशातून जातो. घसारा कुणाला दिसत नाही, तो गाडी विकताना एकदम दिसतो. माझ्याकडच्या लॉगबुकांत डिझेलचा रकाना रोज भरला जायचा, घसाऱ्याला रकानाच नव्हता. घरच्या गाडीचंही असंच चालतं. तू वही घालशील तेव्हा तो रकाना पहिला आख.

विम्याबद्दल एक-दोन गोष्टी, कारण तरुण मुलं इथेच फसतात. तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा हप्ता १५०० सीसीवरच्या सगळ्या खासगी गाड्यांना सारखाच, ७,८९७ रुपये. मोठी गाडी म्हणून त्यात वेगळं काही नाही. गोम स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत आहे. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं कव्हर, सहसा मिळत नाही. मग क्लेमच्या वेळी प्लास्टिक, रबर आणि टायरच्या किमतीतला निम्मा भाग तुझ्या खिशातून, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्याच्या भागांचाही निम्मा. या गाडीत एकही साधा बल्ब नाही, सगळे दिवे एलईडी आहेत, आणि पुढच्या एका बाजूचा हेडलाइट लाखांच्या घरात जातो. कुणी रिक्षावाल्याने कोपरा घासला तरी तुला किती पडेल ते तूच मोज.

दुसरं पाण्याचं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. बऱ्याच मालकांनी पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. सिलिंडरात पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतात, कारण पाणी दाबलं जात नाही. असं झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, आणि तेही जुन्या गाडीला प्रत्येक कंपनी देईलच असं नाही. २०२४ च्या जुलैत पुण्यात सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा काय झालं ते तू पाहिलं आहेस. तुझं पार्किंग तळघरात आहे.

दिल्ली पासिंगचं तू जाता जाता बोललास, पण भाव उतरलाय त्याचं मोठं कारण तेच आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या चांगल्या-वाईट सगळ्या मोठ्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात येतात. त्यांतल्या काही खरोखर उत्तम असतात, कारण तिथे त्या नाइलाजाने विकल्या जातात. पण एनओसी आणून इथे पासिंग करताना महाराष्ट्राचा एकरकमी कर भरावा लागतो. वीस लाखांवरच्या नव्या डिझेल गाडीला तो १५ टक्के. जुनीला वयाप्रमाणे सूट मिळते, तरी हिशेब तू देशील त्या पंचवीस लाखांवरून सुरू होत नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून होतो. "पासिंग करून देतो" असं एजंट म्हणेल, तेव्हा कर कोण भरणार ते त्याच्याकडून लिहून घे. दिल्लीचा नंबर ठेवूनच इथे फिरवीन असा विचार असेल तर तो सोड. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवलेली गाडी तिथे नोंदवणं मोटार वाहन कायद्याने बंधनकारक आहे.

तू म्हणशील, मामाने सगळं काळंच रंगवलं. तसं नाही. मागच्या सीटवर बसून रात्री सोलापूरहून पुण्याला येताना या गाडीत जी शांतता असते, ती दुसऱ्या कुठल्या गाडीत मला मिळालेली नाही. मोठं इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असतं, रस्ता खाली कुठेतरी लांब असल्यासारखा वाटतो, आणि चार तासांनी उतरलं तरी पाठ कुरकुरत नाही. त्यासाठी पैसे मोजणाऱ्याला मी उधळ्या म्हणणार नाही. वेळच्या वेळी ऑइल बदललेली, रोज चालणारी अशी गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर सहज जाते. तिला खरा त्रास होतो तो उभं राहिल्याने. हौसेने घेतात, मग खर्चाला भिऊन आठवडा-आठवडा पार्किंगमध्ये ठेवतात. बॅटरी बसते, फुगे एकाच घडीवर राहून चिरतात, टायर एका जागी चपटतात. जपून ठेवलेली म्हणून विकायला येते ती बऱ्याचदा अशी असते.

तुला मोठी सेडानच हवी असेल आणि शहरातच फिरायचं असेल तर टोयोटा कॅमरी हायब्रिड बघ. ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारताना वाया जाणारी गती ती बॅटरीत परत भरते, म्हणजे एस-क्लास जिथे सर्वांत जास्त गमावते तिथेच ती कमावते. चाचणीतला तिचा अधिकृत आकडा लिटरला पंचवीसच्या पुढे आहे. रस्त्यावर तेवढा नाही मिळाला तरी तुझ्या सात-आठच्या दुपटीहून कमी मिळणार नाही. पूर्ण विजेवरची मोठी मर्सिडीज, ईक्यूएस, आपल्या चाकणलाच जोडली जाते. तिने पंपाचा खर्च बराचसा संपतो. पण टायर, विमा, घसारा तिथेच राहतात, आणि वर सांगितलेल्या बेरजेत सर्वांत मोठा आकडा घसाऱ्याचाच आहे.

माझा निकाल सांगतो. या गाडीला माझा नकार आहे, तुझ्या हौसेला नाही. दिल्लीची, दोन हात फिरलेली, सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट असलेली गाडी पंचवीस लाखांत घेण्यापेक्षा महाराष्ट्र पासिंगची, एकाच मालकाकडे राहिलेली, पहिल्या दिवसापासूनची सर्व्हिस हिस्ट्री असलेली गाडी तीस लाखांत घे. ते पाच लाख जास्त नाहीत, दुरुस्तीचे आगाऊ भरलेले आहेत. आणि खरेदीनंतर पाच लाख बँकेत वेगळे ठेवता आले नाहीत तर हा विचार दोन वर्षं पुढे ढकल. आईला या आकड्यांतलं काही लपवू नकोस, गाडी घरात येते तेव्हा तिचा खर्चही घरातच येतो.

सध्या एवढंच कर. एजंटला टोकन देऊ नकोस. मी म्हणतो तशी दुसरी गाडी सापडली की तिचा चेसिस नंबर मला पाठव, त्यावरून सर्व्हिसची नोंद काढता येते. मग एक सकाळ ठरव, गाडी रात्रभर एका जागी उभी ठेवायला सांग, आणि आपण दोघं मिळून तिला रॅम्पवर चढवून, स्कॅनर लावून खालून वरून बघू. मी येतो.

तुझा,
मामा